माझी पंचकल्याणी आणि तीन महिन्यांची वही

माइनक्राफ्ट या कॉम्प्युटर गेममधे घोडा पकडायला पाच मिनिटं लागतात, पण चांगला घोडा तयार करायला मला तीन महिने लागले, 2024 च्या गणपतीपासून ते दत्तजयंतीपर्यंत, रोज रात्री दुकान बंद करून जेवण झालं की दोन तास. एवढं काय असतं त्यात असं घरातले आणि मित्र दोघंही विचारतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय, वही समोर घेऊनच बसलोय.

मी दोंडाईचाचा. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतातल्या पाण्याच्या मोटरी जळून येतात, जुनी वाइंडिंग काढायची, टर्न मोजायचे, तारेचा गेज बघायचा, वहीत लिहायचं आणि मग नवीन भरायची. न लिहिता भरली की मोटर परत येतेच. ही लिहून ठेवायची सवय पुढे घोड्यांत फार कामाला आली. आमच्या भावंडांचा एक सर्व्हर आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून खेळायचं एकच जग, पुण्याच्या चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर चालतो, मामेभाऊ सुरतहून येतो, आतेबहीण जळगावहून आणि मी नि माझा धाकटा भाऊ इथून, एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने. कामं वाटून घेतलेली, आतेबहिणीची शेती, पुण्याच्या दादाचं रेडस्टोन म्हणजे गेममधलं वायरिंग, सुरतवाला कायम खाणीत. घोडे मी मागून घेतले. आजीचे वडील दोंडाईचा स्टेशनवर तांगा चालवायचे, सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीच्या टायमाला तांगे लागायचे तिथे, मी काही ते बघितलेलं नाही, पण चंदी, तोबरा, खरारा, अगाडी-पिछाडी हे शब्द आमच्या घरात अजून बोलले जातात, घोडा मात्र पन्नासेक वर्षांत दारात आलेला नाही.

पहिली घोडी गेममधल्या आमच्या गावापासून जवळच्या मैदानात मिळाली, तपकिरी रंगाची, अंगावर कसलीच खूण नाही. घोडे मैदानी भागात नाहीतर सवाना म्हणजे सुक्या गवताच्या भागात सापडतात, दोनपासून सहापर्यंतच्या कळपात. माणसाळवायचं म्हणजे हात रिकामा ठेवून पाठीवर बसायचं, ती पाडते, परत बसायचं, परत पाडते, असं करत करत एकदा तिच्या डोक्यावरून लाल बदाम उडतात म्हणजे झाली आपली. आत काय चालतं ते नंतर वाचलं, प्रत्येक घोड्याच्या मनात शून्यापासून शंभरपर्यंत एक आकडा असतो, पाडलं की दरवेळी 5 ने वाढतो, साखर, गहू किंवा सफरचंद चारलं तर 3 ने, आणि जेवढा आकडा मोठा तेवढी ती मानायची शक्यता जास्त. म्हणजे पडणं फुकट जात नाही. हे मला फार आवडलं. मी पहिल्यांदा नऊ वेळा पडलो आणि दहाव्याला बदाम आले, तेव्हा आजी मागे खाटेवर बसून बघत होती, ती म्हणाली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ, आधी तिले खावाले दे, मंग बस." तिला आकडा बिकडा काही माहीत नव्हता.

तिचं नाव बिजली ठेवलं. खोगीर नव्हतं. आता 2025 च्या अपडेटपासून कातडं आणि लोखंड लावून खोगीर घरीच बनवता येतं पण तेव्हा बनवता यायचं नाही, शोधावंच लागायचं, आणि खोगिराशिवाय घोड्यावर बसता येतं पण वळवता येत नाही, ती जाईल तिकडे आपण. पंधरा दिवस मी बिजलीला नुसता दोर लावून फिरवलं. दोराला पण स्लाइमचा गोळा लागायचा, तो आमच्याकडे नव्हता, शेवटी लामा नावाचे दोन प्राणी घेऊन फिरणारा व्यापारी गावात आला त्याच्याकडचे दोन दोर मिळाले. तेव्हा दोर दहा ब्लॉकच्या पलीकडे ताणला की तुटायचा, ब्लॉक म्हणजे गेममधला एक चौकोनी ठोकळा, सगळी मोजमापं त्यातच. मग एका रात्री सुरतवाल्याला अंधारकोठडीतल्या पेटीत खोगीर सापडलं आणि त्याने ते मला आणून दिलं, काही न मागता, खरं तर त्याला स्वतःलाच घोडा हवा होता.

तर बिजलीवर मी आठ दिवस बसलो. आणि नवव्या दिवशी एका टेकडीवरून पूर्ण ताकदीने उडी मारली आणि पलीकडे दरी होती, तळाला लाव्हा. मी मेलो तर मी परत येतो, बिछान्यापाशी उठतो. घोडी परत येत नाही. हे माहीत होतं मला, पण माहीत असणं आणि परत गावात उठून रिकाम्या गोठ्यासमोर उभं राहणं यात फरक आहे, मी लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस गेम उघडलाच नाही. आजीने विचारलं घोडी कुठे गेली, सांगितलं दरीत पडली. तिने काहीच म्हटलं नाही, नुसतं हं केलं. तिच्या वडिलांचा एक घोडा पुलाजवळ पाय मोडून गेला होता हे तिने त्यानंतर आठवड्याने सांगितलं, भाकरी करता करता.

दोन दिवसांनी मी ठरवलं की आता अंदाजाने काही करायचं नाही. बिजली किती उडी मारते, किती पळते, हे मला माहीतच नव्हतं, चांगली वाटायची म्हणून चांगली. माइनक्राफ्टमधे घोड्याच्या अंगात तीन गोष्टी असतात, जीव, वेग आणि उडी, आणि तिन्ही जन्मताच ठरतात, नंतर कितीही पळवा, कितीही चारा, वाढत नाहीत. जीव तेवढा बसलं की दिसतो, साडेसात बदामांपासून पंधरा बदामांपर्यंत. वेग आणि उडी कुठेच लिहिलेली येत नाही. रंगावरून कळत नाही, खुणेवरून कळत नाही, मोठ्या घोड्याचं शिंगरू मोठं असंही नाही. सगळ्यात मंद घोडा सेकंदाला पाच ब्लॉकच्याही खाली असतो, म्हणजे आपण पायी पळत गेलो तर त्याच्या पुढे जाऊ, आणि सगळ्यात वेगवान चौदाच्या वर जातो. मधे एवढं अंतर आणि बाहेरून सगळे सारखे.

म्हणून ट्रॅक केला. बरोबर 100 ब्लॉक, सपाट, दोन्ही बाजूने कुंपण, सुरुवातीला दहा ब्लॉक जादा म्हणजे घोडा पूर्ण वेगात आल्यावरच रेघ ओलांडेल. मी पळवायचो आणि धाकटा भाऊ मोबाइलवर स्टॉपवॉच धरायचा, प्रत्येक घोडा तीन वेळा आणि मधला आकडा लिहायचा. उडीसाठी बाजूला भिंती केल्या, दोन, तीन, चार आणि पाच ब्लॉक उंचीच्या. कुंपणाचं फाटक दोन ब्लॉक रुंद करावं लागलं कारण घोडा एका ब्लॉकच्या फटीतून जात नाही, हे कळेपर्यंत मी एक रात्र घालवली घोड्याला ढकलण्यात.

पुढचे दहा दिवस फक्त जंगली घोडे पकडले, अकरा. वहीच्या पहिल्या पानावर तेच आहेत. सगळ्यात मंद 15.2 सेकंद, चांगला 9.1. बाकी बहुतेक दहा ते बाराच्या मधे. म्हणजे जगात जास्त करून मध्यमच घोडे आहेत, आणि दिसायला सगळ्यात देखणा होता तो ठिपकेवाला करडा घोडा 13 सेकंदाचा निघाला. मला वाईट वाटलं त्याचं, खरंच.

9.1 वाली एक घोडी होती काळी, आणि 9.4 वाला एक बदामी घोडा, उडी त्याची चांगली, चार ब्लॉकची भिंत चढायचा. तिथून पैदास सुरू केली. दोघांना सोन्याचं गाजर द्यायचं, सोन्याचं सफरचंद पण चालतं पण त्याला सोन्याच्या आठ विटा लागतात, गाजराला सोन्याचे आठ बारके तुकडे, आणि एका विटेचे नऊ तुकडे होतात, म्हणजे एका शिंगरामागे दोन गाजरं, सोळा तुकडे, दोन विटांहून थोडं कमीच. सोनं सुरतवाला नेदरमधून, म्हणजे गेममधल्या पाताळातून आणायचा आणि गाजरं आतेबहिणीच्या शेतातली. शिंगरू झाल्यावर आईबापांना पाच मिनिटं थांबावं लागतं आणि शिंगरू मोठं व्हायला वीस मिनिटं.

इथे माझा जवळजवळ एक आठवडा वाया गेला ते सांगतो, कारण कोणी करायला गेलं तर त्याचा वेळ वाचेल. जुने व्हिडिओ बघून मी असं धरून चाललो होतो की शिंगराचा वेग म्हणजे आई, बाप आणि एक कुठलाही आपोआप आलेला तिसरा आकडा, तिन्हींची सरासरी. आधी तसंच होतं. म्हणजे तुम्ही कितीही चांगली जोडी लावा, तो तिसरा मधलाच आकडा तिला खाली ओढणार, म्हणून लोक शंभर शंभर शिंगरं काढायचे. पण 2023 च्या मार्चमधे 1.19.4 हे अपडेट आलं त्यात हे बदललं, आता शिंगराचा आकडा आईबापांच्या मधल्या आकड्याच्या आसपास येतो, कधी दोघांपेक्षा कमी आणि कधी दोघांपेक्षा सरस. हे कळल्यावर मी वहीतलं ते पान फाडलं नाही, आडवी रेघ मारली आणि पुढच्या पानापासून नीट सुरुवात केली. आता निवड करण्याला अर्थ होता. चांगली जोडी लावली तर घराणं खरंच वर चढत जातं.

दुसऱ्या पिढीत 8.8 आला. आणि तिथे पुण्याच्या दादाशी माझा वाद झाला.

गेमला नातं कळत नाही. आईशी मुलाची जोडी लागते, बहिणीशी भावाची लागते, आकड्यांना काही फरक पडत नाही, वेगवान पैदास करायची तर सगळ्यात सोपं तेच, एका आईबापाची वरची दोन शिंगरं घ्यायची आणि परत तीच जोडी. दादा म्हणाला तेच कर, आठ दिवसांत संपेल. मी ते करणारही होतो, गाजर हातात होतं, आणि आजी मागून म्हणाली, "बहीण-भाऊना जोडा लावतस का कोठे?" मी सांगितलं आजी हे खोटे घोडे आहेत. ती म्हणाली, "मंग खरा सारखा कसाले वागाडस?" म्हणजे खऱ्यासारखा सांभाळतोयस कशाला मग. तिने ते रागाने नाही विचारलं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं पण मी गाजर ठेवून दिलं.

मग मी नियम केला, सख्खे लावायचे नाहीत, आई-मुलगा बाप-मुलगी नाही, चुलत चालेल. दादाला पटलं नाही, तो म्हणाला तू विनाकारण तीन पट काम वाढवलंस भो, आणि काम वाढलंच, कारण आता चार वेगवेगळी घराणी लागली, म्हणजे परत लांब जाऊन जंगली घोडे आणा, मोजा, लिहा. वहीत प्रत्येक घोड्याला नंबर, पुढे आईचा नंबर बापाचा नंबर, आजोबा आजी, वेग, उडी, जीव, रंग. आतेबहिणीने एका रविवारी जळगावहून फोनवर ऐकत ऐकत त्याचा वंशवेल काढून पाठवला, दुकानात कोटेशनच्या बोर्डशेजारी अजून लावलेला आहे, गिऱ्हाईक विचारतात हे कोणत्या घराण्याचं.

आणि दुसरा नियम, मंद निघालेलं शिंगरू मारायचं नाही. बहुतेक लोक मारतात, त्याचं कातडं मिळतं आणि जागा मोकळी होते. मला ते करायचंच नव्हतं, बिजलीनंतर तर नाहीच. त्यामुळे शेवटी माझ्याकडे 43 घोडे झाले आणि सर्व्हर अडखळायला लागला, गावात शिरलं की सगळ्यांची स्क्रीन थांबत थांबत चालायची. दादाने स्पष्ट सांगितलं की आता काहीतरी कर. बरोबर होतं त्याचं, कॉम्प्युटर त्याचा, लाइट बिल त्याचं.

उपाय आमच्या घराजवळच होता. दोंडाईचाहून शहाद्याकडे जाताना तापीच्या काठावर सारंगखेडा लागतं, एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार, देशभरातून घोडे येतात, मारवाडी, काठियावाडी, पांढरे नुकरा. आम्ही लहानपणापासून जातो. मी म्हटलं आपण पण सर्व्हरवर दत्तजयंतीला घोडेबाजार भरवू, 14 डिसेंबरला, आणि सगळ्यांनी आपापले मित्र बोलवायचे. सुरतवाल्याने दोन मित्र आणले, आतेबहिणीने हॉस्टेलमधल्या चौघी. प्रत्येकाला एकतरी घोडा घ्यावाच लागेल आणि आपल्या गावाला नेऊन, आपल्या कुंपणात ठेवावा लागेल, अट एकच, मारायचा नाही.

पण त्याच्या आधी ती जन्मली. नोव्हेंबरची 19 तारीख, वहीत नंबर 31. आई काळी, पहिल्या काळ्या घोडीची नात. बाप तपकिरी, त्याच्या पायांना आणि तोंडाला पांढरं. या गेममधे रंग सात आहेत आणि अंगावरच्या खुणा पाच, त्यात बिनखुणेचा पण धरलेला, म्हणजे एकूण 35 प्रकारचे घोडे. रंग नऊपैकी आठ वेळा आईचा नाहीतर बापाचा उतरतो आणि एकदा भलताच, खूण पण तशीच पण तिचा हिशोब वेगळा चालतो. शिंगरू झालं, काळंभोर, चारही पाय पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरं. मी लॅपटॉप फिरवून आजीला दाखवला. ती चष्मा लावून जवळ आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"पंचकल्याणी शे," ती म्हणाली. "मना बापनी आखी जिनगी असा घोडाना नाव लिधा, लेवाले पैसा नव्हता."

त्या रात्री मी ते शिंगरू मोजलं नाही. खरं तर लगेच मोठं करता येतं, गवताची एक पेंढी चारली की तीन मिनिटं कमी होतात, सात पेंढ्या दिल्या की झालाच मोठा घोडा, एका पेंढीला नऊ गहू म्हणजे 63 गहू, आणि आतेबहिणीच्या कोठारात गव्हाला काही कमी नव्हती. मी बाकीच्या सगळ्या शिंगरांना तसंच वाढवलं होतं, कारण मला आकडा हवा असायचा. हिला नाही दिल्या. वीस मिनिटं तिला आईच्या मागे मागे फिरू दिलं, गेममधे शिंगरू आईच्या मागे चालतं, आई थांबली की थांबतं. आजी पण बसून होती. मधे आमच्याकडची लाइट गेली, मोबाइलचं नेट लावून परत आत येईपर्यंत ती मोठी झालेली होती, सर्व्हर पुण्याला चालूच होता ना. तो शेवटचा भाग बघायचा राहिला याची मला अजून चुटपुट आहे.

दुसऱ्या दिवशी माणसाळवलं. शिंगरू आपल्याकडे जन्मलं तरी त्याला माणसाळवावं लागतंच, आईबाप पाळीव असले तरी. या वेळी आजीचं ऐकलं, आधी सफरचंदं चारली, मग बसलो, चौथ्या वेळी मानली. ट्रॅकवर 7.6 सेकंद. भाऊ म्हणाला परत पळव, परत 7.6, तिसऱ्यांदा 7.5. चार ब्लॉकची भिंत पहिल्या उडीत. जीव तेरा बदाम. तोपर्यंतचा वेगाचा आमचा विक्रम 7.3 होता, नंबर 27, पण तो घोडा तीनच्या वर उडी मारत नव्हता आणि त्याचे बदाम अकरा. तीनही गोष्टी एका अंगात असं आमच्याकडे पहिल्यांदाच झालं होतं.

इथे माझं एक मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. लोक नुसत्या वेगाच्या मागे लागतात. सपाट मैदानात ठीक आहे, पण आपण खरोखर फिरतो ते डोंगरात, नाल्यात, तिथे प्रत्येक चार पावलांवर चढ येतो आणि दोन ब्लॉकच उडी मारणारा घोडा कितीही वेगवान असला तरी वळसे घेत बसतो. आणि जीव कमी असला की एका पडण्यात संपतो. मी वेगाला शंभरपैकी चाळीस, उडीला पस्तीस आणि जीवाला पंचवीस असे मार्क देऊन निवड करायचो, हा हिशोब माझा, कुठे वाचलेला नाही.

घोडी तयार झाली म्हणजे काम संपलं असंही नाही, बसणाऱ्याला पण शिकावं लागतं. उडीची एक पट्टी भरत जाते, बटण दाबून धरायचं आणि ती शेवटाला पोहोचली की सोडायचं, उशीर केला की उडी कमी पडते. मी रोज अर्धा तास फक्त तेच केलं, भिंतीपासून किती लांब असताना दाबायचं ते जमिनीवर वेगळ्या रंगाचे ब्लॉक लावून ठरवलं, आठवड्याभराने ब्लॉक काढून टाकले. खोल पाण्यात घोडा तेव्हा आपल्याला खाली उतरवायचा, म्हणून नदी कुठे उथळ आहे ते आधी बघून ठेवावं लागायचं. जंगलात झाडांच्या खालच्या पानांत डोकं अडकतं. आणि टेकडीवरून उडी मारायच्या आधी उतरून, पायी जाऊन पलीकडे बघायचं. हे मी आता कधीच चुकवत नाही.

दुसऱ्या खोगिरासाठी गेममधल्या लेदरवर्कर, म्हणजे कातडीकाम करणाऱ्या गावकऱ्याला महिनाभर कातडं विकून विकून वरच्या दर्जाला नेलं, तिथे तो 6 पाचूंना खोगीर देतो. त्याच्याकडूनच पुढे बाजारासाठी लागणारी सगळी खोगिरं घेतली.

बाजार मस्त झाला. तापी म्हणून नदी होतीच, तिच्या काठावर दोन रांगा कुंपणाच्या, प्रत्येक घोड्यासमोर पाटी, नंबर, वेग, उडी, जीव, आईबाप. पुण्याच्या दादाने, ज्याचा आधी एवढा विरोध होता, रेडस्टोनचे दिवे लावून दिले आणि मधे छोटं देऊळ बांधलं. आतेबहिणीच्या मैत्रिणींपैकी एकीने सगळे आकडे सोडून तो 13 सेकंदाचा ठिपकेवाला करडा घेतला, मी म्हटलं ताई पाटी वाचली का, ती म्हणाली वाचली, मला हाच आवडला. मी त्याचे पैसे घेतले नाहीत. रात्री अकरापर्यंत 43 मधले 34 गेले. पंचकल्याणीसाठी सुरतवाल्याच्या मित्राने हिऱ्यांचे दोन पूर्ण ढीग देऊ केले, म्हणजे 128 हिरे, आमच्या सर्व्हरवर तेवढे हिरे कोणी एका जागी बघितले नव्हते. मी आजीकडे बघितलं पण ती झोपलेली होती. मी नाही म्हटलं.

शर्यत त्याच रात्री झाली, गावापासून टेकडीपर्यंत, मधे दोन नाले आणि एक चार ब्लॉकची भिंत, भिंत नको असेल त्याने वळसा घालून जायचं. सुरतवाल्याने 27 नंबर घेतला होता. सपाटीवर तो माझ्या पुढे गेला, बराच पुढे गेला, पण भिंतीपाशी त्याला वळसा पडला आणि पंचकल्याणीने एका झेपेत भिंत घेतली, आम्ही टेकडीवर सहा-सात ब्लॉकने आधी पोहोचलो. तो लगेच म्हणाला आता सपाटीवर लावू, लावली, त्यात तो जिंकला. दोन्ही घोडे माझ्याच वहीतले, मला दोन्ही वेळा आनंद झाला.

रविवारी आम्ही घरचे सगळे सारंगखेड्याला गेलो. गर्दी खूप होती, आजीला दर्शन झाल्यावर बसवायला जागा शोधत होतो पण ती बसेना, तिला बाजारात जायचं होतं. एका मांडवापाशी काळी मारवाडी घोडी बांधलेली होती, मागचे दोन पाय पांढरे, कपाळावर चांद. मालक राजस्थानचे. आजीने आधी गळ्याखाली वाकून देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, बघितला, मग पायांकडे बघितलं, मग त्यांना विचारलं चंदी काय देता. ते म्हणाले, हरभरा भिजवून. आजीने मान हलवली आणि मला म्हणाली हात लाव. मी मानेवर हात ठेवला. केस गरम होते आणि कातडी खालून थरथरत होती, माशी बसल्यावर हलते तशी, मला हे माहीत नव्हतं, वहीत यासाठी रकाना नव्हता.

घरी आल्यावर रात्री पंचकल्याणीची पहिली जोडी लावली, करड्या रंगाच्या एका लांबच्या घोड्याशी, ज्याच्याशी तिचं चार पिढ्यांत कुठलंच नातं नाही. आजी जागी होती. पेंढ्या दिल्या नाहीत, वीस मिनिटं थांबलो आणि या वेळी लाइट गेली नाही. नंबर 44, काळा, बिनखुणेचा घोडा. 7.2.